संवाद सुरू, पाणी बंद

या गावाचं नाव मी लिहिणार नाही. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेपासून थोडं आत, एका मोठ्या तलावाखाली वसलेलं गाव, एवढं पुरे. गेल्या वर्षी मी नाव लिहिलं होतं आणि फोटोही छापला होता. त्यातून जो घोळ झाला तो मला यंदा परत गेले तेव्हा कळला, तेही प्रमुख पाहुणी म्हणून गेले तेव्हा! ज्यांना नकाशावर गाव शोधून काढायची हौस आहे त्यांनी कृपा करून दुसरीकडे कुठेतरी फिरायला जावं.

आधी माझी ओळख. पुण्यात भूगोल शिकवून निवृत्त झाले. आता आमच्या सर्वधर्म संवाद मंडळात असते. महिन्यातून एकदा भेटायचं, एकमेकांच्या धर्माबद्दल चांगलं बोलायचं, बटाटेवडे खायचे आणि घरी जायचं, असं आमचं काम. गेल्या वर्षी मी झाडीपट्टीतले तलाव बघायला म्हणून एकटीच गेले होते. त्या गावात तलावाचं पाणी धानाला सोडायचा दिवस होता. पाणी सोडणाऱ्या माणसाला तिथे पाणकर म्हणतात. गावचा पाणकर साठी उलटलेला मुसलमान. सगळे त्याला चाचा म्हणतात, मीही इथे तेवढंच म्हणेन. चाचा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आला, तिथल्या मातामाय देवीपुढे त्याने नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, मग पाण्यात उतरून तुडुमाची लाकडी बुचं काढली. तुडुम म्हणजे तलावाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या दगडी पायऱ्या. प्रत्येक पायरीला भोक, भोकाला बूच. बूच काढलं की पाणी पाटाला लागतं.

मी तर हरखूनच गेले. नारळ वर उचललेल्या चाचाचा फोटो काढला, मंडळाच्या दिवाळी अंकात लेख लिहिला आणि खाली 'धर्मापलीकडचा माणूस' असं छापलं. चाचाला विचारलं का? नाही. मला सुचलंसुद्धा नाही.

पवनी

नागपूरहून उमरेड, भिवापूर करत जीपने पवनी गाठली. जीपची खिडकी बंद होत नव्हती आणि बोरकर सरांचा फोन बंद होत नव्हता. बोरकर सर म्हणजे मला बोलावणाऱ्या सर्वधर्म परिषदेचे आयोजक, निवृत्त मुख्याध्यापक. मनाने अगदी भला माणूस. पण भला माणूस माइक हातात घेऊन उभा राहिला की त्याला आवरणार कोण? भिवापूरला तर्री-पोहे खायला थांबले, तर पहिला घास घेईपर्यंत सरांचे तीन फोन. "मॅडम, कुठपर्यंत आल्या जी? स्टेज तयार आहे." स्टेज कुठे पळून जाणार होतं? तर्री मात्र अशी होती की नाकातून पाणी आलं आणि जीपमधली सगळी चिडचिड काही मिनिटं विसरले.

पवनी हे मुळात आठवडाभर राहायचं गाव आहे. जुना दरवाजा, नदीचे घाट, गल्लोगल्ली देवळं, टेकडीवर स्तूपाचे अवशेष. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या सगळ्याला मिळून 'स्थळदर्शन, दहा मिनिटे' असं लिहिलं होतं. स्तूपाजवळ उभं राहून वैनगंगेकडे धड बघतेय तोच मागून हाक आली, "चला चला, सत्काराची वेळ झाली!" मग हॉलमध्ये अडीच तास सत्कार. नागपूरहून आलेले मौलाना, एक कीर्तनकार महाराज, एक भंतेजी आणि मी. प्रत्येकाला शाल आणि नारळ. मौलानांनी हसून नारळ घेतला, भंतेजींनीही घेतला. कोणाला काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. मग भाषणं. सगळे धर्म शांती शिकवतात, हे वाक्य त्या संध्याकाळी मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी कुठल्या तरी धर्माने भांडण शिकवावं असं वाटायला लागलं.

शेवटी बोरकर सरांनी जाहीर केलं, "उद्या आपण त्या आदर्श गावाले भेट देऊ, जे मॅडमच्या लेखनीमुळे महाराष्ट्राले माहीत झालं." टाळ्या पडल्या आणि मीही मान लववली. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

गावात

गावात शिरतानाच बॅनर दिसला. शाळेच्या भिंतीएवढा! त्यावर माझाच फोटो, म्हणजे मी काढलेला. मातामायपुढे नारळ उचललेला चाचा, वर 'सर्वधर्म समभावाचे प्रतीक', आणि खाली कोपऱ्यात आमचे सगळ्यांचे हसरे चेहरे. मी विचारलं, "चाचा कुठे आहेत?" सरपंच म्हणाले, "येतीलच जी." उपसरपंच म्हणाले, "बरं नाई त्याईले." तिसऱ्याने विषयच बदलला आणि चहा आणायला पळाला. चहा आला, त्यात साखर एवढी की चमचा उभा राहावा. पुण्यात आम्ही पाहुण्याला अर्धा कप विचारून देतो. इथे न विचारता भरून देतात आणि संपला की परत भरतात. नको म्हटलं तर माणसं दुखावतात. तीन कप झाल्यावर मीच तिथून उठले.

माझी राहायची सोय फुलाबाईंकडे होती. पन्नाशीच्या, लुगडं वर खोचलेलं, बोलणं तोडून टाकणारं. माझी पिशवी ओट्यावर ठेवली न ठेवली तोच त्या म्हणाल्या, "चहा झाला न? मंग चाला, तुमाले माही बांधी दाखवतो."

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं खाचर. फुलाबाईंची बांधी गावाच्या पार खाली, पाटाच्या शेवटी. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते. धान निसवायला आला होता, म्हणजे आता लोंब बाहेर पडायची वेळ. याच वेळी मुळाशी पाणी लागतं. बांधीत माझं पाऊल घोट्यापर्यंत मावेल अशा भेगा पडल्या होत्या. फुलाबाईंनी एका ताटाची पोटरी हाताने उघडून दाखवली, आत लोंब पांढरी पडत चाललेली.

"अहो, पण तलाव तर भरलेला आहे!" मी म्हटलं. येताना बघितला होता, पाळीला लागलेला.

"तलाव भरला आहे. सोडते कोन?"

"चाचा?"

फुलाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात डोक्यात कांदेबटाटे भरलेल्या पोराकडे बघायचे. "तुमाले काईच माहीत नाई काय बाप्पा? चाचानं यंदा नारळ फोडला नाई. नारळ फोडल्याबिगर पानी सुटत नाई. आन् चाचाबिगर दुसऱ्यानं फोडून चालत नाई."

"दुसऱ्याने का नाही चालत? तो काय वारसाहक्क आहे?"

त्यावर त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर बसून मला जे समजावलं, ते गेल्या वर्षीच कोणाला तरी विचारायला हवं होतं. या तलावाखाली चाचाची एकही बांधी नाही. त्याच्या बापाची नव्हती, आज्याची नव्हती. म्हणूनच पाणकी त्यांच्या घरात दिली. गावाचा नियम असा की शेवटच्या बांधीला पाणी आधी, तोंडाशी असलेल्यांना सगळ्यात शेवटी. पाटाच्या तोंडाशी ज्याची बांधी आहे त्याने पाणी सोडलं, तर ते खालपर्यंत पोचेल यावर कोण विश्वास ठेवणार? सरपंचांनी मी सोडतो म्हटलं, तर पाटावर दहा माणसं पहाऱ्याला बसायला तयार झाली, कारण सरपंचांच्या बांध्या अगदी तोंडाशी. ज्याने नारळ फोडला त्याने मातामायसमोर कबूल केलं की मी कोणाचं पाणी खाणार नाही. म्हणून नारळ फोडणारा आणि बूच काढणारा एकच हवा.

"म्हणजे त्यात धर्माचा काही संबंधच नव्हता?" मी विचारलं.

"कायचा धरम! ते तर तुमी छापलं."

खरं सांगते, त्या धुऱ्यावरून उठून सरळ नागपूरची जीप पकडावी असं वाटलं. पुण्यात आमच्या सोसायटीच्या नळाला पाणी सोडणारा माणूस रोज पहाटे येतो. तो कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, मला इतक्या वर्षांत ठाऊक नाही. पाणी आलं नाही तरच आम्ही फोन करतो. त्या माणसाचा फोटो काढायची बुद्धी मला कधी झाली नाही, आणि इथे येऊन मात्र झाली!

चाचाचं घर

फुलाबाईंनी मला चाचाच्या दारात सोडलं आणि त्या निघून गेल्या. चाचा अंगणात खाटेवर बसला होता. मला बघताच उठला, खाट झटकली आणि चहा ठेवायला आत सांगितलं. चौथा कप. काय करणार?

"गुडघ्यानं त्रास दिला आहे मॅडम," तो म्हणाला. "पाण्यात उतरता येत नाई."

ते म्हणताना तो उकिडवा बसून कोंबड्यांना कणी टाकत होता. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस इतका वेळ तसा बसेल? चहा आला. शेवटी मीच म्हटलं, "चाचा, माझ्या फोटोमुळे झालं ना?"

कोंबड्यांकडेच बघत त्याने हळूहळू सांगितलं. कोणीतरी अंकातला फोटो मोबाइलवर टाकला. तो फिरत फिरत त्याच्या मुलीच्या सासरी, नागपूरला पोचला. तिथे जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर तिला विचारलं, तुझे अब्बा पूजा कधीपासून करायला लागले? ती रडत फोनवर म्हणाली, "अब्बा, ये क्या है? मुझे पहले बता तो देते." तिकडे दुसऱ्या कुठल्या तरी गटात हाच फोटो फिरला, त्याखाली लिहिलेलं, आमच्या देवीला यांचा हात कशाला? ते लिहिणारं गावातलं कोणी नव्हतं. पण गावात सगळ्यांनी वाचलं.

"गावातल्या कोणी तुम्हाला काही म्हटलं?"

"कोनीच काई म्हनलं नाई. त्याचाच तर त्रास आहे. पहिले कोनी पन पाळीवर शिवी देऊन बोलवे, 'कारे चाचा, अजून झोपला काय, पानी सोड न!' यंदा सगळे जी-जी करून राहिले. मले वाटते, त्याईले मी नको आहो. आन् त्याईले वाटत असंन, चाचाले आपन जबरदस्ती काहून करा."

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही. चाचाने हात वर केला.

"तुमी चांगल्या मनानं केलं मॅडम. वाईट मनानं केलं असतं तं भांडलो तरी असतो."

त्या रात्रीचं जेवण फुलाबाईंकडे. गरम भात, लाखोळीची डाळ, झिंग्यांची चटणी. असं जेवण मला पुण्यात कुणी वाढलं तर मी त्याच्या पाया पडेन. त्या दिवशी मात्र मी बोटांनी नुसता भात चिवडत होते, आणि फुलाबाई "खा न, कायले लाजता" म्हणून भात वाढतच होत्या.

शाळेचा हॉल

सकाळी संवाद बैठक. मी आधीच बोरकर सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सर, बैठक रद्द करा. बॅनर काढा. आपण निघू." सरांचे डोळे चमकले. "मॅडम, हीच तर संवादाची खरी गरज आहे!" मी कपाळावर हात मारून घेतला.

बैठक सुरू झाली. चाचाला चार जणांनी जाऊन आणलं होतं. तो मागच्या भिंतीशी बसला. पुढे सतरंजीवर पाहुणे. सरांनी प्रश्न मांडला, आणि मग सुरू झालं एक विलक्षण सौजन्य. महाराज म्हणाले, देवीपुढे कोणीही नारळ फोडावा, देवी भेद करत नाही, पण चाचांच्या श्रद्धेला धक्का लागत असेल तर आम्ही आग्रह धरणार नाही. मौलाना म्हणाले, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न, पण गावाच्या भावनांचा मान ठेवून दुसऱ्या कोणी फोडला तर उत्तम. भंतेजी म्हणाले, नारळाची गरज आहे का, यावरही विचार व्हावा. गावकरी प्रत्येकाला माना डोलवत होते. एकही माणूस वाईट बोलला नाही. एकही माणूस चुकीचंही बोलला नाही. सूर्य वर चढत होता आणि तिकडे बांध्यांतल्या भेगा रुंदावत होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग सर म्हणाले, "आता आपन आदरणीय चाचांनाच विनंती करू. चाचा, नारळ फोडताना तुमच्या मनात नेमका काय भाव असते, ते जरा सांगा."

आणि माइक मागे गेला. चाचाने तो हातात घेतला. तो उठला, उभा राहिला, आणि त्याला काही बोलता येईना. मला ते बघवेना. मी उठले, मध्ये जाऊन चाचाच्या हातातला माइक घेतला.

"सर, पुरे करा," मी म्हटलं. आवाज वर्गातला लागला होता, मुलं गप्प व्हायची तो. "हा फोटो मी काढला. न विचारता काढला, न विचारता छापला. यांच्या गावात पाण्याची एक रीत होती. मी तिला धर्माचं नाव दिलं आणि ती मोडली. तुम्ही सगळे आता त्या नावावर चर्चा करताय. माझी चूक आहे, चाचांकडे तिचा जबाब मागू नका. आणि तो बॅनर आत्ताच्या आत्ता खाली उतरवा."

मग फुलाबाई उठल्या. त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत, थेट चाचाकडे वळल्या.

"कारे चाचा, माही लोंब पांढरी पडून राहिली. तू गुडघा गुडघा काय करतं? काल कोंबड्याईपाशी उकिडवा बसला होता तू, म्या सडकेवरून पाह्यलं!"

कोणीतरी खुदकन हसलं. चाचाही हसला, आणि मग डोळे पुसले. आता त्याला बोलता आलं.

"माह्या आज्यानं फोडला, बापानं फोडला. मनात काय असते, हे त्याईले कोनी विचारलं नाई. मले विचारता, तं मले सांगता येत नाई. खरंच नाई येत." मग तो फुलाबाईंकडे वळला. "पोरीले मी काल फोन केला. ती म्हनली, अब्बा, धान मत मरने दो. बाकी मैं देख लूंगी. तं मी जातो पाळीवर. पन पाहुन्यांनी सडकेवर जायचं. फोन गाडीत ठेवायचे. पाळीवर कोनी नाई पायजे. मी तिथं काय केलं, काय नाई केलं, कोनी विचारायचं नाई. आज नाई, पुढच्या सालीबी नाई."

गावकऱ्यांपैकी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "हव, हव," म्हणत सगळे फावडी घ्यायला उठले. बोरकर सर म्हणाले, "पन एक छोटा समारोप..."

"समारोप गाडीत करा जी," फुलाबाई म्हणाल्या.

मला बोरकर सरांचं कौतुकच वाटलं. सरांनी खरंच मान खाली घातली आणि स्वतः शिडीवर चढून बॅनरच्या दोऱ्या सोडल्या. चूक कळल्यावर इतक्या लगेच हात हलवणारी माणसं मी आमच्या मंडळातही फार पाहिलेली नाहीत.

शेवटची बांधी

मी गाडीकडे निघाले होते. फुलाबाईंनी दंडाला धरलं. "तुमी कुठं? पाळ वर आहे, माही बांधी खाली आहे. चाला माह्यासंग."

फोन गाडीत ठेवून मी गेले. आम्ही कोरड्या पाटाच्या काठाने खाली आलो आणि धुऱ्यावर बसलो. ऊन डोक्यावर आलं होतं. पाळ तिथून दिसत नव्हती, मधे झाडी. वाट बघण्याशिवाय काही करता येत नाही, तेव्हा माझा स्वभाव फार वाईट होतो. मी दर पाच मिनिटांनी उठून पाटात बघत होते. येईल ना? वर कुणी अडवलं तर? चाचाचं मन फिरलं तर? तोंडाशी असलेल्या कोणी आधीच पाट फोडून घेतला तर? फुलाबाई मात्र गवत उपटत शांत बसल्या होत्या. निदान तसं दाखवत तरी होत्या. त्यांच्या हातातलं गवत कधीच संपलं होतं आणि बोटं माती उकरत होती.

आधी आवाज आला, सुक्या पानांचा. मग पाटाच्या वळणावर पानं, काड्या, फेस असं सगळं पुढे ढकलत पाणी दिसलं. चिखलाच्या रंगाचं, अगदी हळू येत होतं. मधल्या कुठल्याही बांधीकडे वळलेलं नव्हतं. सरळ खाली येत होतं, शेवटच्या बांधीला आधी.

फुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

आणि तरी, सांगायला लाज वाटते, तोंडातून निघालंच, "फुलाबाई, मग नारळ फोडला असेल का त्यांनी?"

त्यांनी पदर खाली केला. डोळे ओले होते, पण आवाजाला ओल नव्हती.

"तुमाले कायले पायजे ते?" त्या म्हणाल्या, आणि फावडं माझ्या हातात दिलं. "पानी आलं. धुरा फोडा."